चिमूटभर मॉली

कॅनबेरा
१२ मार्च २०१७

प्रिय डल्सी आत्या,

बसून वाच. चहाचा मग टेबलावर ठेव, नाहीतर कुत्र्याच्या अंगावर सांडशील. आत्या, मला सापडलं! फोनच करणार होते, पण तुझ्या दरीत मोबाइल लागत नाही, आणि घरच्या फोनवर माझं निम्मं तुला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने जोडतेस. म्हणून पत्र.

दोन वर्षं तू विचारते आहेस की पोरी, तू तिथे नेमकं करतेस काय. मी 'प्रोटीन' म्हणाले की तू 'बरं' म्हणतेस आणि मेंढ्यांवर येतेस. आज मेंढ्यांवर यायचं नाही.

तुझ्या कुरणातल्या क्लोव्हरच्या मुळांवर गाठी असतात. मी सात वर्षांची असताना तूच रोप उपटून दाखवल्या होत्यास. नखाने फोडायची, आत गुलाबी निघाली तर गाठ जिवंत. त्या गाठीतले बॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन धरून त्याचं खत करतात. माझे बॅक्टेरिया त्यांचेच चुलतभाऊ, फक्त मुळांचा आसरा न घेता मातीत मोकळे राहणारे. हे खताचं काम एक एन्झाइम करतं आणि त्याच्या पोटात धातूचा एक पुंजका असतो: सात अणू लोखंडाचे, एक मॉलीचा, म्हणजे तू खतात कालवतेस त्या मॉलिब्डेनमचा, भोवती गंधक आणि मधोमध एकुलता एक कार्बन. तो पुंजका नसेल तर एन्झाइम नुसतं शोभेचं.

आणि तो जागच्या जागी तयार होत नाही. तुझ्या कातरणीच्या शेडमध्ये कसं, एक जण लोकर कातरतो, दुसरा उचलून टेबलावर पसरतो, तिसरा प्रत ठरवतो, तसंच इथे. एक प्रोटीन लोखंड-गंधकाचे छोटे तुकडे करतं. दुसरं तसले दोन तुकडे जोडून मध्ये कार्बन बसवतं. झाला आठ लोखंडांचा सांगाडा. तो तिसऱ्या प्रोटीनकडे जातो. तिथे एका टोकाचं लोखंड निघतं आणि त्या जागी मॉली बसते. मग पुरा झालेला पुंजका एन्झाइमच्या पोटात. जिवंत बॅक्टेरियांना हवा लागतेच, पण त्यांच्यातून बाहेर काढलेल्या या प्रोटीनांना हवा लागली की काही मिनिटांत खेळ खलास. म्हणून तुझी भाची दिवसभर एका बंद पेटीत, लांब रबरी हातमोज्यांतून हात खुपसून उभी असते. नाक खाजलं तर खाजवता येत नाही.

आता ऐक. मी माझ्या बॅक्टेरियांना मॉली दिलीच नाही. एक कणही नाही. मॉलीवाचून चालणारी दोन एन्झाइमं त्यांच्याकडे असतात, ती मी आधीच काढून टाकली आहेत. म्हणजे त्यांनी उपाशी मरायला हवं. आणि आत्या, ते वाढताहेत! आठ लोखंडांच्या अर्धवट सांगाड्यावरच ते भागवून नेताहेत. जिवंत बॅक्टेरियात असं होतं हे आजवर कुणीही दाखवलेलं नाही.

हेलेना, माझी प्रोफेसर, काही चांगलं झालं तर एक भुवई उचलते. परवा तिने दोन्ही उचलल्या. सप्टेंबरात होबार्टला मोठी परिषद आहे, तिथे हे मी मांडायचं. माझी फेलोशिप ऑक्टोबरमध्ये संपते, तुला माहीतच आहे. ती पुढे चालली नाही तर चौतिसाव्या वर्षी मी पुन्हा शाळेत मुलांना बेडकाची चित्रं काढायला लावणार. या एका निकालावर आणखी तीन वर्षं मिळतील असं हेलेना म्हणते.

एकच विनंती. होबार्टपर्यंत हे कुणाला बोलू नकोस.

तुझी
टॅम

---

ग्लेनारा
२० मार्च २०१७

प्रिय टॅम,

तुझी विनंती तिसऱ्या पानाच्या शेवटी होती. मी दुसरं पान संपताच गाडी काढली आणि हॉलवर गेले. महिला मंडळाचा त्या दिवशी जॅमच्या बाटल्या भरायचा कार्यक्रम होता. तेव्हा आता चौदा बायका, त्यांचे नवरे आणि टपालवाला मरे, एवढ्यांनाच माहीत आहे. महत्त्वाचं आधी लिहावं, हे विद्यापीठात शिकवत नाहीत वाटतं.

शाबास, पोरी. तुझा बाप असता तर त्याने तोंडाने काही म्हटलं नसतं, कुंपणापर्यंत चालत गेला असता आणि डोळे पुसून परत आला असता. मी म्हणते. मला तुझा फार अभिमान वाटतो.

इकडे पाऊस बरा झाला. खालच्या पॅडॉकमधल्या कुरणात या आठवड्यात क्लोव्हर टाकते आहे. मेंढे माजले आहेत. त्यातला एक परवा मला आडवं करणार होता, पण मीही काठी घेऊनच गेले होते.

आता एक विचारू? पुंजका मला कळला, लोकरीचा दाखला चांगला दिलास. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपल्या डोंगरावरच्या मातीत मॉली नाही, हे मी लहानपणापासून पाहते आहे. लागते किती, तर एकरी दोन-तीन चमचे, तीही पाच-सहा वर्षांतून एकदा, सुपरफॉस्फेटमध्ये कालवून. पण तेवढी नसली तर क्लोव्हर कावीळ झाल्यासारखं पिवळं पडतं आणि मुळांवरच्या गाठी आतून पांढऱ्याफटक. मॉलीवाचून भागलं असं मी तरी पाहिलं नाही.

एकदाच ऐकलं होतं. सत्तावन-अठ्ठावन साली आमच्या बाजूचा एक शेजारी होता. नाव सांगत नाही, मेलेल्या माणसाची चेष्टा नको. त्याचं क्लोव्हर मॉली न टाकता हिरवंगार. जिल्ह्याच्या शोमध्ये बक्षीस घेतलं, हॉलमध्ये उभं राहून भाषण ठोकलं. म्हणे, माझी जमीनच वेगळी, आणि मेंढ्या चारायची पद्धत वेगळी. पुढे कळलं की बियाणं विकणाऱ्याने बियाण्यालाच चुन्याचा आणि मॉलीचा लेप देऊन पाठवलं होतं. पोत्याला चिठ्ठी बांधलेली होती, ती वाचणार कोण! मातीत शोधत बसले सगळे, आणि मॉली आली बियाण्याच्या अंगावरून.

आम्ही यावर पुष्कळ हसलो होतो. तुलाही हसू येईल म्हणून लिहिलं.

इस्टरला येतेस ना? कोकराची मांडी राखून ठेवली आहे.

तुझी
डल्सी आत्या

---

कॅनबेरा
२ एप्रिल २०१७

प्रिय आत्या,

नाही आलं हसू.

माझं द्रावण मी बॅक्टेरिया टाकण्याआधी तीनदा मोजलं आहे. ज्या यंत्रावर मोजलं ते पोहण्याच्या तलावात टाकलेला मिठाचा खडासुद्धा पकडतं. मॉली शून्य. बॅक्टेरिया वाढवायच्या टाकीत, ते न टाकता, नुसतं द्रावण दोन दिवस फिरवून पुन्हा मोजलं. शून्य. पोत्यावरची चिठ्ठी न वाचणारा शेतकरी मी नव्हे. सहा वर्षं मी हेच करते आहे.

हेलेनाने लेख छापायला पाठवला. फेलोशिपच्या अर्जातही तेच लिहिलं आहे.

आणि चौदा बायका, आत्या? खरंच?

इस्टरला जमणार नाही. पेटीचे हातमोजे बदलायचे आहेत.

टॅम

---

ग्लेनारा
२८ मे २०१७

प्रिय टॅम,

इस्टरला फ्रूटकेक पाठवला होता. पोचला की नाही तेही कळवलं नाहीस, म्हणजे पोचला आणि खाल्लास. रुसून केक खाणं हे आपल्या घराण्यात नवीन नाही.

मी लागेल असं बोलले असेन. माझा हेतू तसा नव्हता. मी जन्मभर मेंढ्यांशी बोलत आले, त्यांना काही लागत नाही, आणि त्या सवयीने माणसांशीही तशीच बोलते. मला तुझ्या कामातलं ओ की ठो कळत नाही. तू मोजलंस म्हणतेस तर मोजलं असशीलच. माझं पत्र चुलीत घाल आणि विसर.

क्लोव्हर उगवून आलं, दोन-दोन पानांवर आहे. थंडी लवकर पडली.

अजून एक, आणि हे आधीच सांगते म्हणजे तुझ्यासारखं शेवटी लपवलं असं व्हायला नको. मंडळाने ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी तुझं भाषण ठेवलं आहे. जप करावा तसं सगळ्या तुझं नाव घेताहेत. मी हो म्हणून बसले. येशील ना?

उत्तर दे गं. दोन ओळी दिल्यास तरी चालतील.

तुझी
डल्सी आत्या

---

कॅनबेरा
१८ जून २०१७

प्रिय आत्या,

केक पोचला. तीन दिवसांत संपवला, एकटीने. भाषण रद्द करायला सांग.

तुझं पत्र मी चुलीत घातलं नाही, इथे चूलच नाही. टेबलाच्या खणात टाकलं. पण ती बियाण्याच्या अंगावरची मॉली काही डोक्यातून जाईना. मी जे मोजलं होतं ते सगळं बॅक्टेरिया टाकण्याआधीचं, किंवा त्यांच्यावाचून. मातीच तपासली होती मी, आत्या. बियाणं टाकल्यावर काय होतं ते पाहिलंच नव्हतं.

एप्रिलअखेर एकदा, नुसतं तुला खोटं पाडायचं म्हणून, बॅक्टेरिया पुरते वाढल्यावर द्रावण गाळून मोजलं. मॉली होती. फार नाही, चिमटीत येणार नाही इतकी. पण त्यांना तेवढी पुष्कळ.

कुठून आली ते कळायला पाच आठवडे लागले. गेल्या वर्षी आम्ही नवीन टाकी घेतली. भांडं काचेचं, पण वरचं झाकण आणि आतली ढवळायची पाती स्टीलची, गंजू नये म्हणून मुद्दाम भारीतली. भारी का, तर त्या स्टीलमध्ये शंभरात दोन भाग मॉली असते. नुसतं पाणी फिरवलं तर एक कण सुटत नाही. पण माझे बॅक्टेरिया मॉलीची उपासमार झाली की अंगातून एक पदार्थ बाहेर सोडतात, तो धातूला चिकटतो आणि ओढून आणतो. मी त्यांना उपाशी ठेवलं, आणि त्यांनी माझी पाती चाटली.

सगळ्यात लाज वाटते ती पुढची गोष्ट सांगताना. नवीन टाकीच्या आधी मी हेच साध्या काचेच्या फ्लास्कमध्ये केलं होतं. चार वेळा. चारही वेळा काही वाढलं नाही. मी वहीत लिहिलं, 'हवा नीट खेळली नाही, निकाल बाद.' जे खरं होतं ते मी बाद केलं, आणि जे मला हवं होतं ते ठेवलं.

तर आता स्थिती अशी. लेख परीक्षकांकडे आहे, आणि त्यांनी टाकीबद्दल एक अक्षर विचारलेलं नाही. अर्जाचा निर्णय ऑगस्टमध्ये. हेलेनाला काही माहीत नाही. माझी पाच आठवड्यांची मोजणी माझ्या एकटीच्या वहीत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. होबार्ट होऊ दे, फेलोशिप मिळू दे, मग पुढच्या वर्षी मीच एक छोटा लेख लिहीन की टाकीचं स्टील जपून निवडा. खोटं बोलायचं नाही, फक्त थोडं उशिरा बोलायचं. कुणाचं काय बिघडणार आहे?

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तरी लिहिलं. दुसऱ्या कुणाला लिहू?

टॅम

---

ग्लेनारा
२५ जून २०१७

प्रिय टॅम,

मी काय म्हणेन ते तुला माहीत नाही. मलाच काल संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं. तीन कागद फाडले, हा चौथा.

तो शेजारी नव्हता. तो माझा बाप होता. तुझा आजोबा.

मी सोळा वर्षांची होते. बाबांची नजर जवळचं वाचायला चांगली नव्हती, आणि चष्मा घालणं त्यांना कमीपणाचं वाटे. घरातलं सगळं वाचन माझ्याकडे. बक्षीस मिळालं, हॉलमधलं भाषण झालं, त्याला महिना झाला असेल. मी शेडमध्ये रिकामी पोती झटकत होते आणि एका पोत्याच्या शिवणीत ती चिठ्ठी अडकलेली दिसली. मी मोठ्याने वाचून दाखवली. 'चुना आणि मॉलिब्डेनमचा लेप दिलेले बियाणे.' बाबा म्हणाले, "डल्सी, दे ती इकडे." स्टोव्हमध्ये टाकली. "थोडे दिवस जाऊ देत, मीच सांगेन सगळ्यांना." हेच शब्द, टॅम. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त थोडं उशिरा बोलायचं होतं.

आमच्या वरच्या अंगाला आल्फ ट्रेगिलिसची जमीन होती. आल्फ बाबांना फार मानायचा. भाषण ऐकून त्याने मॉली घ्यायचं रद्द केलं आणि बाबांनी सांगितलं तशी मेंढ्या चारायची पाळी लावली. बियाणं साधं घेतलं. पहिल्या वर्षी पिवळं. तो बाबांना विचारायला आला. बाबा म्हणाले, "धीर धर, जमीन बसायला वेळ लागतो." मी तेव्हा चहा ओतत होते. दुसऱ्या वर्षी पिवळं. तिसऱ्या वर्षी त्याने जमीन विकली आणि बायकोमुलांना घेऊन सिडनीला गेला, तिथे बस चालवायला लागला. जाताना बाबांशी हात मिळवून म्हणाला, "मला तुझ्यासारखं जमलं नाही." स्वतःचाच दोष मानून गेला बिचारा.

बाबांनी पुढे कधीच सांगितलं नाही. थोड्या दिवसांचं एक वर्ष झालं, की ते आपोआप तीन वर्षांचं होतं, आणि मग सांगायचं कसं हेच सुचत नाही. आल्फचं नाव निघालं की ते उठून बाहेर जात. आणि मी? तेव्हा सोळा वर्षांची होते, ठीक आहे. पण मी काही कायमची सोळाची राहिले नाही. आज शहात्तरची आहे, आणि मार्चमध्ये तुला लिहितानासुद्धा 'एक शेजारी' म्हणून मोकळी झाले. आणि वर हेही लिहिलं की आम्ही पुष्कळ हसलो. कुणी हसलं नव्हतं.

तू विचारतेस कुणाचं काय बिघडणार. मला तुझं क्षेत्र कळत नाही. पण तुझं ऐकून कुठेतरी एखादा आल्फ कामाला लागेल, एवढं कळतं. त्याचं जमणार नाही आणि तो म्हणेल, मलाच येत नाही.

शाळेत बेडकाची चित्रं काढायला लागली तर इकडे ये. मला कातरणीला माणूस हवंच आहे. हे टाकून बोलत नाही, खरंच सांगते.

तुझी
डल्सी आत्या

---

कॅनबेरा
३० जून २०१७

आत्या,

आज सकाळी नऊ वाजता हेलेनाला सगळं सांगितलं. वही तिच्या टेबलावर ठेवली. तिने पानं उलटली, एकही भुवई उचलली नाही, आणि म्हणाली, "आता जा."

गेले.

टॅम

---

ग्लेनारा
१६ जुलै २०१७

प्रिय टॅम,

धीर धर, असं मी म्हणणार नाही. त्या शब्दांचा मला वीट आला आहे. पण केक पाठवते आहे.

मीही गेले. काल मंडळाची सभा होती. तुझं भाषण रद्द, हे सांगायला उभी राहिले आणि उभीच आहे तर म्हणून बाकीचंही सांगितलं: चिठ्ठी, स्टोव्ह, आल्फ. मला वाटलं आता सगळ्या उठून जातील. कुणी उठलं नाही. मरेची आई, ब्याण्णव वर्षांची, मागून ओरडली, "आम्हाला तेव्हाच वास आला होता, पण तुझ्या बापाला विचारणार कोण!" मला ऐकू आलं, म्हणजे केवढ्याने ओरडली असेल बघ.

घरी येऊन आल्फच्या मुलीला पत्र लिहिलं. पत्ता मरेनेच शोधून दिला. उत्तर येईल, न येईल. क्षमा मागितली आहे.

आणि भाषण रद्द झालेलं नाही. त्या म्हणतात, स्टील चाटणारे बॅक्टेरिया कसले ते आम्हाला ऐकायचंच आहे.

तुझी
डल्सी आत्या

---

कॅनबेरा
१ ऑक्टोबर २०१७

प्रिय आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण जे होईल ते पुरतं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. आधी महत्त्वाचं: मी ठीक आहे.

'आता जा' म्हटल्यावर हेलेना नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. जिन्यात भेटली तर भिंतीकडे बघायची. तिने लेख मागे घेतला. फेलोशिपवाल्यांना स्वतः पत्र लिहून कळवलं की अर्जातला मुख्य निकाल चुकीचा आहे. अर्ज बाद झाला. वाईट वाटलं, फार वाटलं. मी शाळांच्या जाहिराती बघायला लागले होते.

दहाव्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "ऑक्टोबरपर्यंत पगार घेतेस ना? मग काम कर." आम्ही दोघींनी मिळून सगळं स्टील बाहेर काढलं. काचेचं भांडं, प्लास्टिकची पाती, आम्लात भिजवून धुतलेली प्रत्येक नळी. बॅक्टेरियांना आधी तयार खत देऊन वाढवलं, मग ते काढून घेतलं. मॉली नाही, खत नाही. दिवसामागून दिवस भांडं होतं तसं. वाढ नाही म्हणजे नाही. काही न होणं बघून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

पण खरी गंमत पुढे. त्यातले थोडे बॅक्टेरिया पेटीत नेऊन फोडले आणि ते तिसरं प्रोटीन वेगळं केलं, ज्याच्या हातात सांगाडा येतो ते. ते तपकिरी निघालं, आत्या. तपकिरी म्हणजे आत लोखंड आहे. आठ लोखंडांचा सांगाडा तयार करून ते तसंच धरून बसलं होतं, मॉलीच्या जागेपर्यंतचं सगळं काम पुरं करून. ते अर्धवट सांगाड्यावर भागवून नेतात असं मी मार्चमध्ये तुला लिहिलं होतं. भागवून नेत नाहीत. थांबतात.

किती थांबतात ते बघायचं ठरवलं. तीन दिवस, पाच दिवस, आठ. अकराव्या दिवशी भांड्यात मॉली टाकली, तुझ्या एकरी चमच्याच्या हिशेबानेसुद्धा हास्यास्पद वाटेल इतकी. चौथ्या तासाला यंत्राच्या पडद्यावर छोटासा उंचवटा उमटला. एन्झाइम चालू झालं होतं. हेलेना माझ्या मागेच उभी होती. म्हणाली, "एकदा झालं म्हणजे काहीच झालं नाही. पुन्हा कर." पुन्हा केलं. सहा वेळा केलं.

गेल्या आठवड्यात होबार्ट. मला वाटलं होतं हेलेना माझं नाव काढून टाकेल. तिने वेळ तीच ठेवली, विषय बदलला. पहिली दहा मिनिटं मी माझी चूक सांगितली, वहीतल्या 'निकाल बाद' या पानाच्या फोटोसकट. मग अकरा दिवस सांगितले. संपल्यावर पहिला प्रश्न आला तो न्यूझीलंडच्या एका मुलीचा. तिने टाकीचं मॉडेल विचारलं. मी सांगितलं. ती मटकन खाली बसली. नंतर चहाच्या वेळी मला शोधत आली, डोळे भरलेले. तिच्याकडे तीच टाकी. पाच महिने ती काचेच्या फ्लास्कमध्ये माझा निकाल पुन्हा मिळवायला बघत होती, हेलेनाने एका बैठकीत सांगितल्यापासून, आणि टाकीत जे जमतं ते फ्लास्कमध्ये का जमत नाही म्हणून दुसरं काम शोधायला लागली होती. मला म्हणाली, "मला वाटलं, मलाच येत नाही." मी तिचा हात धरला.

काल कामावर गेले तर टेबलावर एक पाकीट होतं. हेलेनाने तिच्या स्वतःच्या निधीतून मला दोन वर्षं ठेवून घ्यायची मागणी वर केली होती, आणि ती मंजूर झाली. मागणीचं पत्र तिने मला वाचायला ठेवलं होतं. लांबलचक नव्हतं. लिहिलं होतं, "हिने स्वतःचा सगळ्यात मोठा निकाल स्वतः मोडला आणि सकाळी नऊ वाजता माझ्या टेबलावर आणून ठेवला. मला तेव्हा तिचा फार राग आला होता. माझ्या प्रयोगशाळेत असं माणूस मला हवं आहे."

जिन्यात बसून मी ते वाचलं आणि रडले, आत्या, अगदी शाळेतल्या पोरीसारखी. मग तोंड धुतलं, हातमोजे चढवले आणि भांडी आम्लात टाकायला गेले.

तुझी
टॅम